नाताळची लायटिंग घेताना: गावातल्या घरासाठी न दुकानासाठी कोणता बल्ब, कोणती माळ

दिवाळी उतरली की तालुक्याच्या मार्केटात उरलेल्या माळांचे ढीग लागतात, भाव पडलेला असतो, आणि पाहता पाहता नाताळ तोंडावर येते. मग मिशन कंपाऊंडमधली मंडळी, कॉन्व्हेंटवाले, केकवाला, मोबाईलवाला, पार्लरवाल्या ताई, हायवेवरचा ढाबेवाला असे सगळे एकदमच लायटिंग घ्यायला निघतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असते, "भाऊ, सगळ्यात जास्त चमकते ते दाखवा." मी याच लाईनमधे आहे, माल विकतो न फिटिंगही करतो, म्हणजे जास्त माल गेला तर फायदा माझाच, तरी सांगतो की चमक पाहून लायटिंग घेऊ नका. नागपुरात सीताबर्डीला दुकान असेल तर चारही बाजूच्या बोर्डांच्या उजेडात आपली माळ दिसावी म्हणून ढीगभर लावावं लागते. आपल्या गावात रात्री अंधार फुकटचा आहे राजेहो, आणि लायटिंग दिसते ते अंधारामुळंच. वीस बल्ब नीट जागेवर लावले तरी फाट्यावरून घर ओळखू येते. म्हणून कमी घ्या, पण चांगलं घ्या, आणि जागा पाहून घ्या.

दुकानात यायच्या आधी एक काम करा. संध्याकाळी साडेसात-आठला घरातले दिवे चालू ठेवून रस्त्यावर जा आणि घराकडं पाहा, दुकान असेल तर रोडच्या पलीकडून. खांबावरचा लाईट कुठं पडते, कोणता भाग आधीच उजेडात आहे, कोणता काळाकुट्ट आहे ते बघा. उजेडातल्या भिंतीवर माळ लावली तर पैसे गेले समजा. अंधारातली एकच ओळ धरा, छपराची कड किंवा दाराची चौकट किंवा आवारातलं कडुनिंबाचं झाड, आणि तिची लांबी सुतळीनं मोजून, गाठ मारून ती सुतळीच दुकानात घेऊन या. लोक दोन्ही हात पसरून हवेत दाखवतात "एवढी पाहिजे" म्हणून, आणि मग घरी गेल्यावर माळ अर्ध्या दारातच संपते. पॉइंटपासून त्या ओळीपर्यंत किती वायर लागते तेही मोजा, कारण पाकिटावर लिहिलेल्या मीटरमधे बऱ्याच वेळा पिनेकडची मोकळी वायरही धरलेली असते.

आता माल काय काय मिळते ते. सगळ्यात जास्त खपते ती राईस लाईट, तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी असलेली माळ. घराच्या आत, झाडाला, खिडकीला, चौकटीला हीच बरी. पण तिची रचना समजून घ्या म्हणजे ती का बंद पडते ते कळन. एका एलईडीला साधारण 2 ते 3 व्होल्ट लागते, लाल-पिवळ्याला कमी, पांढऱ्या-निळ्या-हिरव्याला जास्त. घरात येते 230 व्होल्ट. म्हणून कितीतरी एलईडी एकामागोमाग एक सिरीजमधे जोडलेले असतात आणि त्यातल्या एकाचा पाय जरी तुटला तरी तो पूर्ण तुकडा बंद पडते. "भाऊ, अर्धी लागते न अर्धी लागत नाई" ही जी तक्रार येते ना, ती यामुळंच, माळेत असे दोन-चार तुकडे असतात. दुसरी गोष्ट याच्याहून महत्त्वाची, एलईडी आहे म्हणजे करंट लागत नाही असं लोकांना वाटते. सरळ 230 च्या पिनेवर चालणाऱ्या स्वस्त माळेत मधे ट्रान्सफॉर्मर नसते, त्यामुळं बल्बच्या बुडाशी उघडा पाय असेल तर तिथं घरातल्या बोर्डाएवढाच झटका बसते. लहान पोट्टे जिथं हात लावतात तिथं अशी माळ नकोच, तिथं यूएसबीवाली 5 व्होल्टची किंवा सेलवाली तांब्याच्या बारीक तारेची फेअरी लाईट घ्या. फक्त सेल पेन्सिल सेल असू द्या. बटन सेलवाल्या ज्या येतात त्या नका घेऊ घरात लहान लेकरू असेल तर, ते चपटं सेल लेकरानं गिळलं तर आतून जाळते, त्याच्यात वेळ घालवता येत नाही, सरळ दवाखान्यात पळावं लागते.

दुसरी होल्डरची माळ. एका जाड वायरला फूट-दीड-दोन फुटावर होल्डर आणि त्याच्यात एकेक बल्ब. ही पॅरलल असते, एक बल्ब गेला तर बाकीचे चालू राहतात, गेलेला काढून दुसरा लावता येते, त्यामुळं दुकानासाठी, ढाब्यासाठी, चर्चच्या आवारासाठी मला हीच सगळ्यात पटते. पहिल्यांदा महाग वाटते पण दरवर्षी फेकावी लागत नाही. होल्डर दोन प्रकारचे, पिनवाला म्हणजे आपला नेहमीचा बी22 आणि आट्यावाला म्हणजे ई27. गावात किराणा दुकानातही बल्ब मिळते तो पिनवालाच, म्हणून गावासाठी पिनवाली माळ घ्या असं मी सांगतो. शोभेचे फिलामेंटवाले एलईडी बल्ब, ते काचेत सोनेरी काड्या दिसतात ते, त्यातले बरेच आट्याचेच येतात, ते हवे असतील तर होल्डरही तसेच पाहून घ्या नाहीतर बल्ब एका हातात न होल्डर दुसऱ्या हातात अशी गत होते. त्या बल्बवर जे एसटी64, जी95 असं लिहिलेलं असते त्यातला आकडा म्हणजे बल्बची जाडी मिलिमीटरमधे, वॅट नाही. जी95 म्हणजे 95 मिलिमीटरचा गोळा, चांगला मोसंबीएवढा, हे माहीत नसलं की ऑनलाईन मागवताना फसगत होते.

ऑनलाईनवरून आठवलं, तिकडं सी7 आणि सी9 नावाचे नाताळचे बल्ब दिसतात, शंकूसारखे, लाल-हिरवे, लय सुंदर. ते अमेरिकेतले माप आहे, आकडा इंचाच्या आठव्या भागात, सी7 म्हणजे पाऊण इंचाहून थोडा जाड आणि सी9 म्हणजे इंचाहून थोडा जास्त. त्यांचे आटे ई12 न ई17, आपल्या होल्डरात बसत नाहीत. आणि कोणाचा भाचा-पुतण्या तिकडून माळ घेऊन आला असेल तर पिन लावायच्या आधी व्होल्टेज वाचा, तिकडं 120 व्होल्ट चालते. आपल्या 230 वर लावली की गेली. तसा नाताळच्या झाडावर विजेचे बल्ब लावायचा शोक तिकडूनच आला, न्यूयॉर्कमधे 1882 साली एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सननं स्वतःच्या घरी झाडाला लाल, पांढरे, निळे मिळून 80 बल्ब लावले होते आणि ते झाड गोल फिरतही होतं. त्याच्या आधी झाडाला खऱ्या मेणबत्त्या लावत. 80 बल्बात जगभर नाव झालं त्या माणसाचं, आणि आपले लोक पाच फुटाच्या प्लास्टिकच्या झाडाला पाच-पाच माळा गुंडाळतात की झाडच दिसत नाही.

झाडाचं सांगतो, मोरपंखी असो की प्लास्टिकचं, माळ बाहेरून गोल गोल गुंडाळू नका. बुडापासून सुरू करा, फांदीवरून आत खोडापर्यंत न्या आणि परत टोकाला आणा, अशी आत-बाहेर नेली की आतूनही उजेड येते आणि झाड भरलेलं दिसते. पाच फुटाच्या झाडाला शंभर-दीडशे दाण्यांची एक चांगली माळ पुरते. पिनेकडची बाजू खाली ठेवा. वरच्या टोकापासून सुरू करून वायर खाली लोंबकळत ठेवणारे लय लोक पाहिले.

तिसरी स्ट्रिप. दुकानाच्या बोर्डामागं, शोकेसमधे, पीओपीच्या खाचेत स्ट्रिपसारखं काही नाही. यातही दोन जाती, एक सरळ 230 वर चालणारी जाड प्लास्टिकच्या आतली, ती मीटरवर कापून मिळते, आणि दुसरी 12 व्होल्टची, पाच मीटरच्या रोलात, जिला अडॅप्टर लागते. ग्राहकाचा हात पोचते तिथं 12 व्होल्टचीच लावा. आणि तिच्यात लोक अडॅप्टर घेताना कंजूषी करतात. बारीक एलईडीवाली, मीटरला 60 दाण्यांची 3528 स्ट्रिप मीटरमागं साधारण 4.8 वॅट खाते, पाच मीटरला 24 वॅट, म्हणजे 2 अँपिअर. पण 5050 वाली, मोठ्या चौकोनी दाण्याची, मीटरला 14.4 वॅट खाते, पाच मीटरला 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर. आता त्या 6 अँपिअरच्या स्ट्रिपला कोणी 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो तापणारच ना बाप्पा. हिशोबापेक्षा थोडा मोठा घ्या, 6 लागते तिथं 8 चा. आणि पाच मीटरच्या पुढं त्याच टोकाला दुसरा रोल जोडू नका, शेवटचे दाणे मिणमिणतात, दुसऱ्या रोलला अडॅप्टरपासून वेगळी वायर न्या. कापताना जिथं कात्रीची खूण आहे तिथंच कापा.

पिक्सेल लाईट म्हणजे गेटवर ज्यात मोर नाचते, नाव पळते, ती. ती डेकोरेशनवाल्याचं काम आहे, कार्ड भरलेला कंट्रोलर लागते, प्रोग्राम लागते. चर्चच्या गेटसाठी हवी असेल तर भाड्यानं घ्या, विकत घेऊन ती वर्षभर कोण सांभाळणार.

रंगाचा विषय लोक शेवटी काढतात पण पैसा तिथंच वाया जाते. पाकिटावर 2700के, 3000के लिहिलं असेल तर तो पिवळसर उबदार पांढरा, वॉर्म व्हाईट. 6500के म्हणजे ट्यूबलाईटसारखा निळसर पांढरा. घरासाठी, चर्चसाठी, जेवणाच्या ठिकाणासाठी वॉर्म घ्या. थंडीत तो डोळ्यालाही बरा वाटते आणि त्याच्यावर किडे-पाखरं कमी येतात, निळसर उजेडावर जास्त येतात. ढाब्यावाल्यांनी हे नीट लक्षात घ्या, डाळीत पाखरू पडलं की लायटिंगचं कौतुक संपलं. एक बारीकशी गोष्ट, दोन वेगळ्या कंपन्यांचे वॉर्म व्हाईट शेजारी शेजारी लावले की एक केशरी दिसते न एक पांढरं, त्यामुळं जेवढं लागते तेवढं एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या, दोन बल्ब जास्तीचे.

पाच रंगी मिक्स माळ घेऊ नका असं मी सरळ सांगतो. नाताळचे रंग लाल-हिरवे, आपल्या मनात असेल तर वॉर्म पांढऱ्यासोबत एक लाल माळ पुरे. आणि वर्षभराचा विचार करा. वॉर्म पांढरी माळ नाताळ झाली की फेब्रुवारीच्या आसपास गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला निघते, लग्नात निघते, पोळ्याला बैल सजले की दारावर निघते. निळी घेतली असेल तर ती 14 एप्रिलला लागणारच, आणि तेव्हा आपल्याकडं निळी माळ बाजारात शोधून सापडत नाही. लाल-हिरवी मात्र 6 जानेवारीनंतर, म्हणजे नाताळचे दिवस संपले की, डब्यातच राहते.

झगमगचं आठ मोडचं यंत्र बहुतेक माळांना असतेच. त्यातला एक मोड स्थिर असते, तो शोधा आणि तिथंच सोडा. भराभर उघडझाप करणारी माळ घरात कोणाला मिरगी असेल तर चालत नाही, एका सेकंदात तीनदाच्या वर लपलप नकोच. रोडवरच्या दुकानानं लाल-निळी लपलप तर बिलकुल लावू नये, रात्री ट्रकवाल्याला दुरून पोलिसाची गाडी वाटते न तो गडबडते.

आता आपल्या इकडचे खरे धोके. पहिला कापूस. डिसेंबरात आपल्याकडं कितीतरी घरांत कापूस भरलेला असते, भाव वाढन म्हणून ठेवलेला, माजघरात, कधी समोरच्याच खोलीत, पार आढ्याला टेकलेला. आणि त्याच खोलीच्या खिडकीला माळ लावायची असते. असाच एक जण आला होता, म्हणे "दादा, खिडकीतून रोडवर दिसली पाहिजे." मी म्हटलं, "खोलीत काय आहे?" "काई नाई, कापूस हाय." "बोर्ड कुठी हाय?" "कापसाच्या मांगं." आता सांगा. त्याला मी बाहेरून छपराच्या खाली लावायची माळ दिली आणि पिन ओसरीतल्या पॉइंटला लावायला लावली. कापसाच्या खोलीत पिन नको, एक्स्टेंशन बोर्ड नको, जुना गरम होणारा बल्ब तर नकोच नको. सैल पिनेत बारीक ठिणगी उडत राहते, कापसाचे तंतू उडून तिच्यावर बसलेले असतात, आणि कापसाची आग अशी की वरून पाणी मारून विझली वाटते पण गंजीच्या आत धुमसत राहते.

तसंच गव्हाणीचं. येशूजन्माचा देखावा करताना पोट्टे खरं तणस घालतात, कुटार पसरतात, वरून टिश्यू पेपर, थर्माकोल, आणि आत एक बल्ब. जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तो असते 15 वॅटचा न हाताला चटका देते. गव्हाणीत फक्त सेलवाली किंवा यूएसबीची फेअरी लाईट, आणि मेणबत्ती गव्हाणीपासून दूर वेगळ्या पाटावर. कागदी स्टार बांबूवर चढवता त्यातही एलईडीच, अर्ध्या वॅटपासून फार तर 5 वॅटपर्यंत. पूर्वी 60 चा पिवळा बल्ब टाकायचे आणि कागद करपायचा.

दुसरं टिन. कवेलूच्या घराला त्रास नाही पण टिनाच्या पत्र्याची कड पातीसारखी असते, वाऱ्यानं माळ तिच्यावर घासत राहते, प्लास्टिक कापले जाते आणि पूर्ण छप्परच करंटमधे येते. म्हणून टिनाच्या कडेवरून वायर नेऊच नका. पत्र्याच्या खाली, वाश्याला किंवा बल्लीला प्लास्टिकच्या टायनं बांधा, खिळा ठोकून वायर दाबू नका. लोखंडी गेट, ग्रिल, कंपाऊंडची तार यांनाही सरळ गुंडाळू नका.

तिसरं दव. लोकांना वाटते पावसाळा संपला, आता कुठलं पाणी. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडून टिनावरून टपटप गळते, धुई पडते, मधेच अवकाळीचं झोडपते. बाहेर लावायच्या मालावर आयपी44 तरी पाहिजे, उघड्यावर असेल तर आयपी65. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आयपी20 असेल तर ती फक्त घरातली. माळेतला बल्ब कितीही पाणीबंद असला तरी पिन आणि जोड पाणीबंद नसतात, म्हणून जोड नेहमी छपराखाली ठेवा, आणि जोडाच्या आधी वायरला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जाते, जोडात शिरत नाही.

चौथे वानरं. शहरातल्या कोणत्याच पाकिटावर हे लिहिलेलं नसते. मेळघाटच्या बाजूला तर विचारूच नका पण आमच्याकडंही टोळी आली की छपरावरून उड्या न झाडाला हिसके. लोंबती माळ दिसली की ओढलीच. छपराच्या वर काही ठेवू नका, माळ ताणून, दर फुटाला बांधून, कडेच्या आतून न्या. झाडावर लावायची तर खोडाला गुंडाळा, सैलसर, फांद्यांच्या शेंड्यावर फेकू नका. आणि गल्लीच्या आरपार इकडून तिकडं माळ बांधायचा मोह होते तो टाळा, याच दिवसांत कापसाच्या न कुटाराच्या गाड्या जातात, ट्रॉली वर किती भरलेली असते ते तुम्हाला माहीत आहे, एका गाडीत माळही जाते न ज्या खिडकीला बांधली ती खिडकीही. विजेच्या खांबाला तर बांधूच नका.

व्होल्टेजचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. रब्बीच्या ओलिताचे पंप चालू झाले की दिवे मंदावतात, पंप बंद झाले की एकदम चढते. म्हणून पाकिटावर चालायची रेंज पाहा, 100 ते 300 व्होल्ट अशी मोठी रेंज लिहिलेला एलईडी बल्ब गावात टिकते. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल, म्हणजे ज्याच्यावर पंखा घूं घूं करते तो, तर स्वस्त माळा त्याच्यावर चालवू नका, आतलं कॅपॅसिटर तापून माळ लवकर जाते. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी मंद करायचा जुगाडही नको, डिमेबल लिहिलेलं नसेल तर तो बल्ब त्याच्यासाठी नाहीच. वाडी-वस्तीवर लाईनचाच भरोसा नसेल तर सोलरची माळ बरी, पण तिचं पॅनल दक्षिणेकडं तोंड करून उन्हात ठेवा. डिसेंबरात दिवस लहान असते न कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं तर रात्री आठला झोपून जाते. आणि आकडा टाकून लायटिंग करायचं डोक्यात असेल तर 2003 च्या वीज कायद्यात कलम 135 खाली ती चोरीच आहे, सण असो की काही असो. मंडळाला, चर्चला तात्पुरतं कनेक्शन मिळते, ते घ्या.

बिलाची भीती मात्र सोडा. जुने 15 वॅटचे 20 झिरो बल्ब रोज सहा तास लावले तर दिवसाला 1.8 युनिट, 24 डिसेंबर ते 6 जानेवारी अशा 14 रात्रींचे 25 युनिट होतात. तेच अर्ध्या वॅटचे 20 एलईडी लावले तर 14 रात्री मिळून एक युनिटही होत नाही. जुने बल्ब घरात पडून आहेत म्हणून तेच वापरतो म्हणणाऱ्या काकांना मी एवढाच हिशोब कागदावर करून देतो.

दुकानदारांसाठी वेगळं थोडं. कापडाचं दुकान असेल तर रंगीत लाईट फक्त बाहेर, आत मालावर साधा पांढरा, आणि बल्बवर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 80 च्या वर, मिळाला तर 90. नाहीतर बाई साडी घेऊन उन्हात रंग पाहायला बाहेर जाते न तिथूनच परत करते. शटरवाल्या दुकानात वायर शटरच्या वाटेतून नेऊ नका, रात्री शटर ओढलं की वायर चेपली, चार दिवसात आतली तार उघडी न लोखंडाचं शटर करंटमधे. शटरच्या पेटीच्या वरून किंवा बाजूच्या भिंतीत पाईप टाकून न्या. ढाब्याला समोर चाळीस फूट असेल तर दोन फुटावर एक असे 20 फिलामेंट बल्ब 2-2 वॅटचे, एकूण 40 वॅट, एवढ्यात समोरचं आवार खुलते, आणि मग तो डोळ्यात घुसणारा मोठा फ्लड लाईट फक्त पार्किंगकडं फिरवा. माळ वायरच्या भरवशावर टांगू नका, आधी जीआय तार ताणा न माळ तिला टायनं बांधा. ग्राहकाच्या डोक्यापासून हात वर करूनही पोचणार नाही एवढ्या उंचीवर.

आता दुकानात हातात घेतल्यावर काय पाहायचं. माळ पूर्ण उलगडायला लावा, दुकानदार तोंड वाकडं करन, करू द्या. पिन लावून दहा मिनिटं चालू ठेवा न तोवर भावाचं बोला. मग झगमगच्या यंत्राची डबी न पिन हातानं चाचपा, कोमट चालते, गरम नको. पिन बोर्डात हालते का पाहा. माळ बंद करून, पिन काढून, मग एखादा बल्ब दोन बोटात धरून हलकेच ओढा. पाय दिसले, पारदर्शक नळी सरकली, की ठेवून द्या. वायर इतकी बारीक की बोटाला दोऱ्यासारखी लागते, तीही ठेवून द्या. मोबाईलचा कॅमेरा लावून पाहा, स्क्रीनवर काळे पट्टे पळताना दिसले तर ती माळ लपलपते, डोळ्याला कळत नाही पण डोकं दुखते. पाकिटावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का न आर- ने सुरू होणारा नंबर पाहा, एलईडी बल्बवर त्यासोबत आयएस 16102 असते. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या ॲपमधे टाकला की कंपनीचं नाव निघते, निघालं नाही तर शिक्का छापलेला आहे, दिलेला नाही. ढिगातली अर्ध्या भावाची माळ घेताना हे सगळं दुप्पट पाहा, दिवाळीत कोणीतरी वापरून परत केलेली त्यात असते.

एकाच्या शेपटीला दुसरी माळ जोडता येते, पण किती ते पाकिटावर लिहिलेलं असते, लिहिलेलं नसलं तर दोनच्या वर जाऊ नका, सगळ्यांचा करंट पहिलीच्या बारीक वायरमधून जाते. आणि खर्च करायचाच असेल तर आणखी एक माळ घेण्यापेक्षा मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, आपल्याकडं इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबीच म्हणतात. टिनात, गेटात, शटरमधे करंट उतरला की ते झटक्यात लाईन तोडते. एमसीबी ते काम करत नाही, ते फक्त वायर जळू नये म्हणून असते. अर्थिंगच्या खड्ड्यात मात्र पाणी टाकत जा, डिसेंबरात तोही कोरडा पडते.

माळा 6 जानेवारीपर्यंत ठेवायचा रिवाज आहे, बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांचा तो दिवस, नाताळचे बारा दिवस तिथं संपतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवा, उन्हाळ्यापर्यंत ठेवल्या तर ऊन प्लास्टिक खाऊन टाकते. आधी पिन काढा मग टाय कापा. दव पडलेलं असते म्हणून दुपारी उतरवा, कोरड्या फडक्यानं पुसा, जाड पुठ्ठ्याला गुंडाळा, खिशात कोंबल्यासारखा गोळा करू नका. पिशवीत नाही, पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा, उंदरांना वायरचं प्लास्टिक लय आवडते. आणि पुठ्ठ्यावर पेननं लिहून ठेवा, कुठली, किती फूट, बाहेरची की आतली, कोणत्या महिन्यात घेतली. बिलही त्याच डब्यात टाका, गॅरंटी असेल तर बिलाशिवाय कोणी ऐकून घेत नाही, मीही नाही.